बंद वेशीआडचे शहर

प्रिफदिनास हे ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ या ऑनलाइन खेळातले एल्फ लोकांचे शहर. वेल्श भाषेत या शब्दाचा अर्थच राजधानी. खेळातल्या जगाचे नाव गिलिनॉर. त्याच्या पश्चिम टोकाला तिरानून हा दाट जंगलाचा मुलूख आहे आणि त्या मुलखाच्या उत्तर भागात हे शहर येते. वर्षानुवर्षे खेळाडूंना त्याचा तट दिसत होता, पण वेस उघडत नव्हती. ती २५ जुलै २०१९ रोजी उघडली. उघडावी की नाही, उघडली तर कोणासाठी आणि आत काय असावे, हे खेळाडूंनी आपसांत भांडून आणि शेवटी मते देऊन ठरवले. एखादा लाडका प्रदेश खेळात कसा येतो हे समजून घ्यायला याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

मूळ ‘रूनस्केप’ जानेवारी २००१ मध्ये सुरू झाले. गॉवर बंधूंनी ते उभे केले आणि केंब्रिजच्या जॅगेक्स कंपनीने वाढवले. नोव्हेंबर २०१२ मध्ये खेळातली लढाईची पद्धत मुळापासून बदलली आणि जुन्या खेळाडूंचा मोठा वर्ग दुखावला. कंपनीकडे ऑगस्ट २००७ मधली खेळाची एक जतन केलेली प्रत होती. ती पुन्हा चालू करावी का, असा प्रश्न फेब्रुवारी २०१३ मध्ये खेळाडूंना विचारला गेला. सुमारे साडेचार लाख मते पडली. २२ फेब्रुवारी २०१३ रोजी ती प्रत ‘ओल्ड स्कूल’ या नावाने स्वतंत्र खेळ म्हणून खुली झाली. या खेळाचा जन्मच कौलातून झाला आणि पुढचा कारभारही कौलावरच चालला. नवीन काही घालायचे असेल तर ते खेळाडूंना विचारून, आणि २०२२ पर्यंत किमान ७५ टक्के होकार मिळाला तरच.

मतदानाची सोयही खेळाच्या आतच आहे. गावांतून मतदानाच्या टपऱ्या उभ्या असतात. पैसे भरून सभासद झालेला खेळाडू आपले पात्र तिथपर्यंत चालवत नेतो आणि एकेका प्रश्नावर हो किंवा नाही म्हणतो. एकच मोठा प्रस्ताव अनेक प्रश्नांत फोडलेला असतो. प्रदेश हवा का, त्यातला अमुक राक्षस हवा का, त्याच्याकडून मिळणारे शस्त्र हवे का, अशी त्यांची रचना असते. त्यामुळे प्रदेश मंजूर होऊनही त्यातले एखादे बक्षीस फेटाळले जाऊ शकते. ७५ टक्क्यांची अट फार कडक होती. शंभरातले सव्वीस जण विरोधात गेले की प्रस्ताव पडे. ‘वॉर्डिंग’ नावाचे नवे कौशल्य २०१९ मध्ये असेच पडले. बहुसंख्यांना ते हवे होते, तरीही मते पाऊणपर्यंत पोहोचली नाहीत.

जुनी प्रत हवी म्हणून एकत्र आलेल्या लोकांना नवीन मुलूख कशाला हवा, हा प्रश्न पहिल्या वर्षीच पुढे आला. ‘गॉड वॉर्स डन्जन’ ही बर्फाळ डोंगराखालची रणभूमी मूळ खेळात २८ ऑगस्ट २००७ रोजी आली होती. जतन केलेली प्रत तिच्या जेमतेम अडीच आठवडे आधीची, म्हणून ती जागा ओल्ड स्कूलमध्ये नव्हतीच. खेळाडूंच्या आठवणींत मात्र ती २००७ चाच भाग होती. ऑक्टोबर २०१३ मध्ये मतदानानंतर ती जोडली गेली. ‘जुने’ म्हणजे तारखेने जुने की मनाने जुने, या वादाला तिथे पहिल्यांदा उत्तर मिळाले. प्रिफदिनासची वाट त्या उत्तरातूनच निघाली.

प्रिफदिनास आत पाऊल टाकता येण्याआधीच लाडके झाले, आणि त्याचे कारण कथामालिकेत आहे. ही मालिका २००२ मध्ये ‘प्लेग सिटी’ या मोहिमेने सुरू होते. आर्डून शहराचा पश्चिम भाग भिंत घालून तोडलेला असतो, आत साथ पसरली आहे असे सांगितले जाते. खेळाडू आत जातो आणि एकेका मोहिमेत कळत जाते की साथ नाहीच. तोंडे झाकून फिरणारे साथनियंत्रक हे वेषांतर केलेले एल्फ आहेत. ते आयोर्वर्थ घराण्याचे आहेत आणि आर्डूनचा राजा त्यांना सामील आहे. हे सारे कळायला खेळाडूला ‘अंडरग्राउंड पास’ हा भुयारी मार्ग पार करावा लागतो. तिथे फासे, खड्डे आणि अरुंद पूल आहेत. पाय घसरला की मागे जाऊन पुन्हा चालायचे. भुयारापलीकडे तिरानूनचे जंगल लागते आणि तिथेही पानांखाली सापळे लपलेले. इतके सोसून खेळाडू ज्या शहराच्या तटाशी पोहोचतो, तिथे त्याला आत घेतले जात नाही. ऑगस्ट २००७ च्या प्रतीत मालिका नेमकी इथेच थांबली होती. शेवटची मोहीम लिहिलेलीच नव्हती.

जंगल एरवी ओसच असे. जानेवारी २०१५ मध्ये त्याच्या दलदलीत झुल्रा हा महासर्प आला आणि लोक त्या बाजूला नियमित फिरकू लागले. सापाकडे जाता-येता बंद शहराची आठवण ताजी राहिली. दरम्यान मूळ खेळाने, जो वेगळा चालूच होता, २०१४ मध्ये आपले प्रिफदिनास उघडले होते. म्हणजे ओल्ड स्कूलच्या खेळाडूंना शेजारच्या घरात तेच शहर कसे झाले आहे हे दिसत होते, आणि वादाला धार आली ती त्यामुळे.

पहिला मुद्दा गर्दीचा. शेजारच्या खेळातले प्रिफदिनास सोयींनी भरलेले होते. बँक, खाणी, झाडे आणि सरावाच्या जागा सगळ्या हाकेच्या अंतरावर. परिणाम असा की वरच्या पातळीचे खेळाडू तिथून हलेनात आणि जुनी गावे रिकामी पडली. या भीतीला खेळाच्या यंत्रणेतच आधार आहे. रूनस्केपमधला काळ ०.६ सेकंदांच्या ठोक्यांनी पुढे सरकतो आणि जमीन चौरस घरांत विभागलेली असते. चालणारे पात्र एका ठोक्याला एक घर सरकते, पळणारे दोन. शंभर घरांचे अंतर चालायला साठ सेकंद लागतात, पळायला तीस, आणि पळण्याची ताकदही संपत जाते. बँकेपासून खाण वीस घरे लांब आहे की ऐंशी, यावर तासाला किती धातू निघेल हे ठरते. हजारो तास खेळणारे लोक हा हिशेब बोटांवर करतात. नवीन प्रदेशात बँक कुठे ठेवली यावर वाद होतो तेव्हा तो खरा जुन्या खाणींवरचा वाद असतो. तिथे उद्या कोणी जाईल की नाही, हे त्या एका बँकेने ठरते. बाहेरच्याला ही बारीकसारीक कुरबुर वाटते, पण ज्याने त्या जुन्या खाणीशेजारी ओळखी केल्या, त्याच्या दृष्टीने हा गाव उठण्याचा प्रश्न आहे.

दुसरा मुद्दा प्रवेशाच्या अटीचा. सर्वांना आवडते म्हणून सर्वांना खुले करावे, असे एका बाजूचे म्हणणे. ज्या मालिकेने शहराला किंमत दिली ती पूर्ण केल्याशिवाय प्रवेश नको, असे दुसऱ्या बाजूचे. अखेर ‘सॉंग ऑफ द एल्व्ह्ज’ ही समारोपाची मोहीम लिहिली गेली. आधीच्या सगळ्या मोहिमा पूर्ण असाव्यात आणि शेती, खाणकाम, लोहारकाम, लाकूडतोड, औषधी, शिकार, बांधकाम, चपळाई या आठही कौशल्यांत ७० वी पातळी असावी, अशी तिची अट ठरली. ७० व्या पातळीला ७,३७,६२७ गुण लागतात. सर्वोच्च ९९ व्या पातळीच्या १,३०,३४,४३१ गुणांपुढे हा आकडा लहान दिसतो, तरी आठ कौशल्यांत तो गाठणे म्हणजे महिन्यांचे काम. अट कठीण होती, पण योग्य होती. भुयार न ओलांडता ज्याला वेस उघडी मिळाली असती, त्याला तिथे नुसते एक चकचकीत गाव दिसले असते.

तिसरा मुद्दा बक्षिसांचा. नवा प्रदेश नव्या वस्तू आणतो आणि त्या बाजारात उतरल्या की जुन्या वस्तूंचे भाव पडतात. ओल्ड स्कूलमध्ये २०१५ पासून ‘ग्रँड एक्सचेंज’ ही सामायिक बाजारपेठ आहे, त्यामुळे एका कोपऱ्यातला बदल त्याच दिवशी सगळीकडे जाणवतो. प्रिफदिनासमधल्या ‘गॉन्टलेट’ या परीक्षेने या तिढ्यातून सुरेख वाट काढली. तिथे खेळाडू मोकळ्या हातांनी शिरतो, बाहेरचे काहीही आत चालत नाही. ठरलेल्या दहा मिनिटांत त्याने आतलीच सामग्री गोळा करायची, शस्त्रे आणि चिलखत घडवायचे, अन्न शिजवायचे आणि मग हनलेफ या स्फटिकी श्वापदाला सामोरे जायचे. वेल्शमध्ये हनलेफ म्हणजे दुःस्वप्न. श्रीमंत आणि गरीब दोघेही तिथे सारख्याच तयारीने उभे राहतात.

चर्चेत सारखे पुढे येणारे वाईट उदाहरण म्हणजे ग्रेट कौरेंड. ‘झीया’ या नव्या खंडावरचे हे राज्य ७ जानेवारी २०१६ रोजी उघडले, तेही खेळाडूंच्या मंजुरीनेच. पाच घराणी, पाच परगणे आणि मध्ये अफाट राजधानी. अफाटपणाच नडला. रस्ते रुंद, घरे मोठी, पण एका कामाहून दुसऱ्या कामापर्यंत पळण्यातच वेळ जाई. त्यात प्रत्येक घराण्याची मर्जी टक्क्याटक्क्याने संपादन करायची. म्हणजे कुठे खत तयार करा, कुठे पुस्तके शोधून द्या, कुठे जखमी सैनिकांना औषध द्या. या कामांना गोष्टीचा आधार नव्हता. प्रदेशाची मागणी होती, त्याच्याशी जुने नाते नव्हते. कौरेंड सावरले ते तिथे पुढे रुजवलेल्या गोष्टींमुळे. सप्टेंबर २०१६ मध्ये आलेला विंटरटॉट, जिथे अनेक जण मिळून थंडीशी झुंजतात, आणि जानेवारी २०१७ मधली ‘चेंबर्स ऑफ झेरिक’ ही सामूहिक चढाई. नंतर राजधानीची आखणी बदलली आणि २०२३ मध्ये मर्जीची पद्धतच काढून टाकली.

प्रिफदिनास आखताना हा धडा समोर होता. आठ एल्फ घराण्यांना शहरात जागा मिळाली, पण शहर आटोपशीर राहिले. शिवाय ते कथेतूनच उभे राहिले. एल्फांच्या इमारती स्फटिकाच्या असतात आणि गाण्याने वाढतात. एल्फांच्या आपसांतल्या यादवीत शहर पुन्हा बीजरूपात गेलेले असते. मोहिमेच्या शेवटी ते पुन्हा गायले जाते आणि खेळाडूच्या डोळ्यांदेखत उभे राहते. आत बँक, चपळाईचा मार्ग, कत्तलीची गुहा अशा सोयी आल्या. मात्र शेजारच्या खेळासारखी सगळी कामे एका चौकात कोंबलेली नाहीत.

प्रकाशित पुस्तकावर बेतलेल्या खेळांत हा वाद वेगळ्या वळणाने जातो. एप्रिल २००७ मध्ये सुरू झालेले ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज ऑनलाइन’ घ्या. तिथे कोणता प्रदेश यावा यावर मतभेद कमी आणि कधी यावा, कसा दिसावा यावर जास्त, कारण वाचकाच्या मनात नकाशा आधीच असतो. मोरियाच्या खाणी नोव्हेंबर २००८ मध्ये आल्या, मॉर्डोरला २०१७ उजाडले. परवाना ‘द हॉबिट’ आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या दोन ग्रंथांपुरताच असल्याने ‘सिल्मारिलियन’मध्ये रंगवलेल्या भूमीची मागणी कितीही झाली तरी निर्मात्यांचे हात बांधलेले. हराडसारखा प्रदेश, ज्याच्याबद्दल टॉल्किनने थोडेच लिहिले, तिथे निर्मात्यांना मोकळीक मिळते आणि चाहत्यांना धास्ती. ओल्ड स्कूलमध्ये असा ग्रंथ नाही. पुरावा म्हणून खेळाडू जुन्या मोहिमांतले संवाद, नकाशावरची नावे आणि स्वतःची आठवण पुढे करतात.

ऑक्टोबर २०२२ मध्ये मंजुरीची मर्यादा ७५ वरून ७० टक्क्यांवर आली. कडक अटीमुळे चांगले प्रस्ताव वाया जातात असे एकांचे मत, आणि हीच अट खेळाला वाचवत आली असे दुसऱ्यांचे. दोन्ही बाजूंकडे दाखले आहेत. पण जुन्या प्रतीवरच्या निष्ठेतून जन्मलेल्या खेळात नकाराला जास्त वजन असणे स्वाभाविकच होते.

त्यानंतरचा मोठा प्रदेश म्हणजे कौरेंडच्या दक्षिणेचा व्हार्लामोर. रोम आणि मध्य अमेरिकेतल्या प्राचीन संस्कृतींच्या छटा त्याच्या वास्तूंत मिसळल्या आहेत. तो एकदम न उघडता मार्च २०२४, सप्टेंबर २०२४ आणि जुलै २०२५ अशा तीन टप्प्यांत आला. त्यामुळे पहिल्या भागात काय जमले आणि काय नाही हे पाहून पुढचा भाग घडवता आला. अंतराचा जुना प्रश्न इथे क्वेट्झल पक्ष्यांनी सोडवला. मोहीम पूर्ण केलेल्या खेळाडूला ते पाठीवर घेऊन एका थांब्यावरून दुसऱ्यावर नेतात. सगळे थांबे मात्र आयते मिळत नाहीत. काही थांब्यांसाठी खेळाडूला आधी तिथवर पायी जावे लागते आणि लाकूड वाहून नेऊन ते स्वतः बांधावे लागतात.