मोटारीची उंची आणि घरचीं माणसें

नवी मोटार दारांत आली, कीं ती जमिनीलगत बसवून घ्यावी अशी हौस घरांतील तरुणांस वाटते. ती अगदींच निराधार नव्हे. आम्ही शाळेंत गुरुत्वमध्य शिकवीत असूं. तो खालीं आला म्हणजे वळणावर गाडी कमी कलते, हें खरें. परंतु उमरग्यास सोलापूर-हैदराबाद महामार्ग सोडून शेताकडे वळलें, कीं काळ्या मातींतील चाकोऱ्या लागतात. तेथें तळ घासणारी गाडी काय कामाची? शिवाय एकत्र कुटुंबाची गाडी भरून चालते. भारानें स्प्रिंगा आणखी दबतात.

सर्वांत घातक प्रकार म्हणजे स्प्रिंग कापणें किंवा ज्योतीनें तापवून दाबणें. तापविल्यानें पोलादाचें पाणी उतरतें; कापलेली स्प्रिंग, खड्ड्यावर चाक लोंबतांच, जागेवरून निसटूं शकते. सुरक्षित रीत एकच : त्याच गाडीसाठीं बनविलेल्या आंखूड स्प्रिंगा व त्यांस जुळणारे शॉक ॲब्सॉर्बर कुशल कारागिराकडून बसवावे, नंतर चाकांचे कोन आणि दिव्यांचा झोत पुन्हा जुळवावा.

त्याआधीं कायदा पाहावा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें, नोंदणीपत्रांतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार मालकास करतां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानेंही २०१९ सालीं हेंच सांगितलें. तेव्हां हत्यार उचलण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत विचारावें.

आमचें मत विचाराल तर, ज्या गाडींत आजी आणि नातवंडें बसतात, तिची उंची निर्मात्यानें ठरविली तीच राहूं द्यावी.