कच्ची कैरी, मुरलेले लोणचे

मार्वेहून मनोरीला जाणाऱ्या बोटीचा प्रवास जेमतेम काही मिनिटांचा. पण क्रिकेटवरचा वाद पेटायला तेवढा वेळ पुरतो. २०२५च्या नोव्हेंबरात याच बोटीत एक काका-पुतणे अगदी हातघाईवर आले होते. निमित्त होते मुंबई इंडियन्सच्या दोन सौद्यांचे. लखनौच्या संघाकडून शार्दूल ठाकूरला दोन कोटी रुपयांना घेतले आणि अर्जुन तेंडुलकरला तीस लाखांना तिकडे धाडले. कागदोपत्री हे दोन व्यवहार वेगळे. पण बोटीतल्या मंडळींनी त्याला सरळ अदलाबदलच मानले. खरे सांगायचे तर मीही मानले.

"काका, सव्वीस वर्षांचा डावखुरा गोलंदाज देऊन चौतीस वर्षांचा घ्यायचा?"

"अरे, पाहुणे दारात आल्यावर कैरी चिरायला बसतोस की बरणी काढतोस?"

ज्या गृहिणींना हा प्रकार ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आयपीएलमध्ये लिलावापूर्वी एक संघ आपला खेळाडू दुसऱ्या संघाला देऊ शकतो. पैशांच्या बदल्यात, किंवा खेळाडूच्या बदल्यात. खेळाडूची संमती मात्र लागते.

आता काकांची बरणी पाहू. शार्दूल पालघरचा. पाठीवर क्रिकेटची पिशवी आणि गच्च भरलेली लोकल, असे त्याचे बालपण. दिनेश लाड यांनी त्याला बोरिवलीच्या शाळेत आणले आणि राहायला स्वतःच्या घरात जागा दिली. शालेय सामन्यात त्याने एका षटकात सहा षटकार मारले होते. २०१८ साली हैदराबादला पहिली कसोटी मिळाली, तर दहा चेंडूंत दुखापत होऊन परतावे लागले. पुढे जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनला ६७ धावा आणि सात बळी! मार्च २०२४ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर, रणजी उपांत्य सामन्यात संघ अडचणीत असताना १०९ धावा.

इतका मुरलेला गडी; पण मौज अशी, की त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातल्या लिलावात त्याला कुणीच घेतले नाही. दुसऱ्याच्या दुखापतीमुळे लखनौने बदली म्हणून बोलावले, तेव्हा गड्याने दहा सामन्यांत तेरा बळी घेतले. म्हणजे काकांचे लोणचेही वर्षभरापूर्वी गिऱ्हाइकावाचून पडलेले होते.

आणि कैरी? अर्जुनने डिसेंबर २०२२ मध्ये गोव्याकडून पहिल्याच रणजी सामन्यात १२० धावा काढल्या. वडिलांनीही पहिल्या रणजी सामन्यात शतकच ठोकले होते. पण मुंबई इंडियन्सच्या पाच हंगामांत त्याच्या वाट्याला सामने आले पाच आणि बळी तीन. २०२३ साली पंजाबविरुद्ध एका षटकात ३१ धावा गेल्या. त्या षटकाची चर्चा जितकी झाली, तितकी दुसऱ्या कुणाच्या षटकाची झाली असती असे मला वाटत नाही. आडनावाचे ओझे धावत येताना जाणवतेच. पण मला खटकते ते निराळे. गोलंदाज घडतो गोलंदाजी करून. कैरीला मीठ लावायचेच नाही आणि मुरत नाही म्हणून कुरकुरायचे, हा कुठला न्याय?

असल्या सौद्यांत फसगत कशी होते याचा एक नमुना २०१९चा. राजस्थानने आपला माजी कर्णधार अजिंक्य रहाणे दिल्लीला दिला आणि बदल्यात फिरकीपटू मयंक मार्कंडे व राहुल तेवतिया घेतले. २०१८ साली मुंबईसाठी पंधरा बळी घेतलेला मार्कंडे म्हणजे उद्याची आशा. तेवतिया जणू वरकड. पुढच्याच हंगामात रहाणेच्या नऊ सामन्यांत ११३ धावा झाल्या, मार्कंडेला एकही सामना मिळाला नाही, आणि शारजाला एकाच षटकात पाच षटकार मारून हरलेला सामना फिरवला तो तेवतियाने!

म्हणून माझे मत विचाराल तर मुंबईने शार्दूल घेतला हे ठीकच केले. हाताशी अनुभवी गडी असलेला बरा. मात्र या सौद्यात अर्जुनला टाकून दिले असे मी म्हणणार नाही. बाकावरची पाच वर्षे संपली हा त्याचाच लाभ. लखनौवाले चेंडू हातात देतील तर.

बोट मनोरीच्या धक्क्याला लागली, तरी वाद चालूच होता.

"काका, लखनौ आणि मुंबईची गाठ पडली आणि अर्जुनने शार्दूलची दांडी उडवली, तर टाळ्या कुणासाठी?"

काकांनी बाजाराची पिशवी पुतण्याच्या हातात दिली. "आधी उतर. मागे लोक खोळंबलेत."