आयलाओच्या उतारावरची हानी शेती
चीनमध्ये बहुसंख्य हान समाजाखेरीज ५५ अल्पसंख्य समाजांना शासकीय मान्यता असून, त्यांपैकी हानी समाजाची पायऱ्यांची भातशेती दक्षिण युन्नानमधील आयलाओ पर्वतावर सुमारे १३०० वर्षांपासून टिकून आहे. माथ्यावर राखलेले जंगल, त्याखाली गवती छपरांची गावे आणि त्याखाली खोऱ्यात उतरणारी खाचरे अशी रचना असल्याने जंगलात मुरलेले पाणी पाटांनी आधी गावात व मग शेतात येते. पाटात आडव्या बसवलेल्या, खाचा पाडलेल्या लाकडी वा दगडी पट्टीने प्रत्येकाचा वाटा ठरतो, आणि खरे पाहण्यासारखे हेच असले तरी बहुतेक प्रवासी सूर्योदयाची छायाचित्रे घेऊनच परततात. युनेस्कोने २०१३ मध्ये या परिसराला जागतिक वारशाचा दर्जा दिला. पाण्याने भरलेली खाचरे पाहायची असतील, तर हिवाळ्यात जावे.