सुडाला तुरुंगाची भिंत अडवीत नाही

ग्वाल्हेरचा किल्ला मोगलांच्या काळी राजबंद्यांचा तुरुंग होता. शहाजहानचा धाकटा पुत्र मुराद याने १६५७ साली गुजरातेत असता आपला दिवाण अली नकी यास ठार केले होते. पुढे राज्याच्या भांडणात औरंगजेबाने मुरादला कैद करून या किल्ल्यावर ठेवले. भावाचा काटा तर काढावयाचा, पण हात रक्ताने माखलेला दिसू द्यावयाचा नाही. यासाठी अली नकीच्या मुलांना बापाच्या खुनाचा बदला मागण्यास पुढे करण्यात आले. थोरल्या मुलाने ती मागणी नाकारली. धाकट्याने ती केली, आणि १६६१ च्या डिसेंबरात मुरादचा किल्ल्यावरच शिरच्छेद झाला. सुडाला न्यायाचा अंगरखा चढविला की तो किती सोज्वळ दिसतो, याचे हे उदाहरण होय. त्या मुलांपैकी इतिहासाने नाव राखावे असा खरा पुरुष तो थोरला, असे आम्हांस वाटते.

हे स्मरण्याचे निमित्त एक इंग्रजी चित्रपट. २०१२ साली आलेल्या 'ऑफेंडर' या ब्रिटिश चित्रपटाचा तरुण नायक आपल्या प्रेयसीवर हल्ला करणाऱ्यांना गाठता यावे म्हणून स्वतःच अल्पवयीन व तरुण गुन्हेगारांच्या कारागृहात जातो. ज्या वास्तूत पोरांना माणसांत आणावयाचे, तीच येथे हिशेब चुकते करण्याचा आखाडा ठरते. प्रेक्षक त्याच्या बाजूने श्वास रोखून बसतो, हेच चित्रपटाचे यश आणि आपली धोक्याची घंटाही.

ग्वाल्हेरच्या उत्तरेस चंबळची खोरी आहेत. तेथे बदला हा पिढ्यान्‌पिढ्या चालणारा वारसा होता. १९७२ च्या एप्रिलात जौरा येथे जयप्रकाश नारायणांच्या साक्षीने मोहरसिंग, माधोसिंग यांच्यासारख्या दरोडेखोरांनी शस्त्रे खाली ठेवली, आणि शरणागतांसाठी मुंगावलीस खुला तुरुंग उभा राहिला. सुडाची साखळी माणसाच्या हाताने तुटू शकते, याचा तो पुरावा होता.

पण दुसरा पुरावाही त्याच भागात आहे. १४ फेब्रुवारी १९८१ रोजी बेहमई येथे वीस माणसे गोळ्यांना बळी पडली. त्या प्रकरणी आरोप असलेली फूलनदेवी १९८३ च्या फेब्रुवारीत भिंड येथे शरण आली आणि खटला न चालताच अकरा वर्षे आधी ग्वाल्हेरच्या व पुढे तिहारच्या तुरुंगात राहिली. १९९४ साली सुटली, १९९६ साली लोकसभेवर निवडून आली, आणि २५ जुलै २००१ रोजी दिल्लीत तिचा खून झाला. खुनाच्या आरोपीने हा बेहमईचा बदला असल्याचे सांगितले. बेहमईचा निकाल मात्र घटनेनंतर त्रेचाळीस वर्षांनी, २०२४ च्या फेब्रुवारीत लागला. एकास जन्मठेप झाली. बळी पडलेल्यांच्या विधवांना न्याय वेळेवर मिळाला नाही, तिलाही खटल्याचे तोंड दिसले नाही. न्याय रेंगाळला म्हणजे त्याची रिकामी जागा सूड भरून काढतो.

आमच्या किनाऱ्यावर बंदूक उचलण्याची रीत नाही, हे खरे. आम्ही कोर्टाची पायरी चढतो. बांधाच्या वीतभर जागेसाठी, भाऊबंदकीच्या रागातून, नातवापर्यंत खटला चालवितो. तोही सूडच, केवळ रक्त न सांडणारा.

म्हणून अल्पवयीन गुन्हेगारांच्या प्रश्नात सावध राहिले पाहिजे. २०१५ च्या कायद्याने सोळा ते अठरा वर्षांच्या मुलावर, गुन्हा अतिघोर असल्यास, प्रौढांप्रमाणे खटला चालविण्याची मुभा दिली. २०१२ च्या दिल्लीतील अत्याचारानंतरच्या लोकक्षोभाने तिला बळ मिळाले, आणि तो क्षोभ खोटा नव्हता. पण त्याच कायद्यात अशा मुलास एकविसाव्या वर्षापर्यंत स्वतंत्र सुरक्षित स्थळी ठेवावे, आणि मग तो कितपत सुधारला हे पाहूनच पुढचा निर्णय घ्यावा, असेही लिहिले आहे. त्यास फाशी देता येत नाही, सुटकेची आशाच नसलेली जन्मठेपही देता येत नाही. या तरतुदींना आम्ही कायद्याचा प्राण मानतो. त्या केवळ कागदावर राहिल्या, निरीक्षणगृहात शिक्षक नाही, समुपदेशक नाही, मोठ्या गुन्हेगारांची संगत मात्र आहे, असे झाले, तर आपण मुले सुधारणार नाही; उद्याचे बदलेखोर तयार करू.

शिक्षा हवीच, तीही लवकर, पीडितांना दिसेल अशी. परंतु राज्यसंस्थेला अली नकीच्या धाकट्या मुलाची भूमिका घेता येणार नाही. थोरल्याने जे नाकारले, ते नाकारण्याचे बळ आपल्या न्यायालयांस आणि कारागृहांस लाभावे, यासाठी प्रत्येक जिल्ह्याने प्रथम आपले निरीक्षणगृह आतून पाहावे, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.