गोदाकाठच्या एका फेरीत लाहोर, काशी आणि तिरंगा

नांदेड पाहायचं तर पायी, आणि पहाटे निघून. गाव झोपेत असतं तेव्हा सचखंड गुरुद्वाऱ्याचा सेवेकरी गोदावरीवरून घागर भरून आणतो. त्याला म्हणतात घागरिया सिंघ. या पाण्यानं तख्त रोज धुतलं जातं. शिखांच्या पाच तख्तांपैकी हे एक, आणि दक्षिणेत एवढं एकच!

ही इमारत १८३२ ते १८३७ या काळात उभी राहिली. बांधवून घेतली लाहोरच्या महाराजा रणजितसिंहांनी, आणि मुलूख होता निजामाचा! त्याच सुमारास लाहोरहून हैदराबादेत शीख शिपायांची फौज आली आणि इकडेच रुजली. नांदेडच्या बाजारात सहज मराठी बोलणारे सरदारजी भेटले तर नवल वाटून घेऊ नका. दख्खनी शिखांच्या कैक पिढ्या इथं वाढल्या आहेत.

गुरू गोविंदसिंहांनी ७ ऑक्टोबर १७०८ रोजी इथंच देह ठेवला. त्याआधी, यापुढे ग्रंथच गुरू, असं त्यांनी सांगितलं ते याच गावात. गुरूंच्या पहिल्या पाच खालसा शिष्यांपैकी, म्हणजे पंचप्यारेंपैकी, भाई दयासिंह आणि भाई धरमसिंह या दोघांचा शेवटही नांदेडातच झाला. आणि पंचप्यारेंपैकी साहिबसिंह मूळचे कुठले? बिदरचे, म्हणजे आपल्या उदगीरच्या शेजारचे!

आता नदीकडे वळा. भक्तानं वाहिलेलं रत्न गुरूंनी पाण्यात टाकलं तो नगीनाघाट. बादशहा बहादूरशहानं नजर केलेला हिरा टाकला तो हिराघाट. कथा श्रद्धेच्या आहेत, पण दोन्ही घाट आजही त्यांच्याच नावानं ओळखले जातात.

बंदाघाटावर मात्र घाई करू नका. या फेरीतला सगळ्यात मोठा थांबा मला हाच वाटतो. जम्मूकडच्या राजौरीचा माधोदास नावाचा बैरागी गोदाकाठी मठ करून राहत होता. १७०८ साली त्याची गुरूंशी भेट झाली आणि बैराग्याचा बंदासिंह बहादूर झाला. तो पंजाबात गेला, माणसं जमवली आणि दोन वर्षांच्या आत, मे १७१० मध्ये, सरहिंदचा मुघल फौजदार वजीरखान याला रणात लोळवलं. पुढं गुरूंच्या नावानं नाणी पाडली आणि जमीन कसणाऱ्यांच्या हाती दिली, असं इतिहास सांगतो. त्या सगळ्याची सुरुवात या घाटावर आहे, हे मराठवाड्यातल्या प्रत्येक पोराला ठाऊक असायला हवं.

पुढं जुन्या गावातून किल्ल्याकडे. नंदगिरी किल्ल्याला तीन बाजूंनी गोदावरीचा वेढा आहे. गाव किती जुनं म्हणाल तर वाशीमच्या वाकाटक ताम्रपटात या भागाचा उल्लेख आहे, म्हणजे सोळाशे वर्षं कुठं गेली नाहीत. व्याकरण आणि शास्त्रं कोळून प्यायलेलं शेष घराणंही इथलंच. त्यातली मंडळी काशीला गेली आणि तिथल्या पंडितांत मानाला पोचली. ‘यथार्थदीपिका’कार वामनपंडित याच घराण्यातले मानले जातात.

आता तिरंग्याच्या खादीकडे! निजामी राजवटीत तिरंगा फडकवला म्हणून तुरुंगात जावं लागायचं, आणि मराठवाडा मुक्त झाला तो १७ सप्टेंबर १९४८ला, देशाच्या तेरा महिने मागून. आज त्याच नांदेडात मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती राष्ट्रध्वज तयार करते, आणि त्याचं कापड येतं उदगीरहून. प्रमाणित खादीचा तिरंगा करणारी ठिकाणं देशात बोटांवर मोजण्याइतकीच आहेत.

पाय दुखले असतील तर स्टेशनवर या. अमृतसरची सचखंड एक्स्प्रेस इथूनच सुटते, दोन हजार किलोमीटरांहून लांबच्या प्रवासाला. वाटेत ठरलेल्या स्टेशनांवर सेवेकरी प्रवाशांना फुकट लंगर वाढतात, आणि जाणते प्रवासी घरूनच ताटवाटी घेऊन निघतात. तुम्हीही पिशवीत एक डबा जास्तीचा टाका.