हरिषेणाचा सचिव

अजिंठ्याच्या लेण्यांना वळसा घालून वाघूर नदी उत्तरेकडे निघते, जामनेर तालुक्यातून वाहते आणि पुढे तापीला मिळते. जळगाव शहराच्या नळांना येणारे पाणी याच नदीवरच्या धरणातले. लेणी आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात मोडतात, त्याआधी ती निजामाच्या हद्दीत होती. पण डोंगराचे पाणी खानदेशाकडे उतरते, आणि रेल्वेने येणारा प्रवासी जळगावला उतरून साठेक किलोमीटरवरच्या लेण्यांकडे निघतो. पंधराशे वर्षांपूर्वी याच नदीकाठी एका राजपुरुषाने डोंगर पोखरून एक देखणा विहार करवून घेतला. त्याचे नाव वराहदेव. वाकाटक सम्राट हरिषेण याचा तो सचिव.

राजाचा सल्लागार म्हटले की आपल्यापुढे चाणक्य उभा राहतो. मोकळी सोडलेली शेंडी, नंदांचा नाश, चंद्रगुप्ताला दिलेले धडे हे सारे आपल्याला पाठ असते. या कथा त्याच्यानंतर शेकडो वर्षांनी लिहिल्या गेल्या. त्याच्या काळातला, त्याचे नाव घेणारा एकही शिलालेख नाही. वराहदेवाचे नेमके उलटे आहे. त्याच्या हयातीत कोरलेले शब्द आजही भिंतीवर आहेत, पण त्याच्या नावाची गोष्ट आपल्याकडे कोणी सांगत नाही. जळगाव-धुळ्याच्या मुलांना पाटलीपुत्राचा अमात्य माहीत असावा आणि वाघूरकाठचा माहीत नसावा, हे मला मनापासून खटकते.

सोळाव्या लेण्याच्या ओसरीबाहेर, डाव्या अंगाच्या भिंतीवर २७ ओळींचा संस्कृत लेख आहे. लिपी ब्राह्मीच, पण प्रत्येक अक्षराच्या माथ्यावर छोटा चौकोन काढलेला. वाकाटकांच्या ताम्रपटांवरही हीच धाटणी दिसते. भिंत उघड्यावर असल्याने पावसाने बरीच अक्षरे खाल्ली आहेत. भाऊ दाजी लाड, भगवानलाल इंद्रजी, ब्यूलर अशा जाणत्यांनी एकोणिसाव्या शतकात हा लेख वाचला. तरी वंशावळीतले एक नाव चुकीचे लागले होते. पहिल्या प्रवरसेनाच्या मुलाचे नाव तिथे रुद्रसेन असे वाचले गेले होते. १९३९ साली वाशिमचा ताम्रपट उजेडात आला आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशींच्या लक्षात आले की, त्या जागी सर्वसेन हे नाव आहे. त्या एका दुरुस्तीने वाकाटकांची वत्सगुल्म, म्हणजे वाशिमची, स्वतंत्र शाखा सिद्ध झाली. हरिषेण त्याच शाखेचा, आणि वराहदेव त्याच दरबाराचा.

लेखाची मांडणी पाहण्यासारखी आहे. सचिव आधी धन्याचे कुळ सांगतो, मग स्वतःचे. विंध्यशक्ती, प्रवरसेन, सर्वसेन अशी रांग पुढे सरकते. मध्येच वयाच्या आठव्या वर्षी गादीवर बसलेला एक राजा येतो. त्याने राज्य नीट चालवले असे लेख म्हणतो, पण त्याचे नावच झिजून गेले आहे. मग देवसेन. वाशिम जिल्ह्यातल्या हिस्सेबोराळा इथल्या लेखामुळे हा देवसेन शके ३८०, म्हणजे इसवी सन ४५८ मध्ये, राज्य करत होता हे पक्के ठाऊक आहे. वाकाटकांच्या इतिहासात अशी नेमकी तारीख दुर्मीळ, म्हणून तिचे मोल फार.

देवसेनाबद्दल वराहदेवाचा लेख जे सांगतो, ते वाचून मी थबकलो. हस्तिभोज नावाचा कर्तबगार अमात्य मिळाला, तेव्हा राजाने राज्याचा भार त्याच्यावर टाकला आणि तो सुखोपभोगात रमला, असा त्याचा आशय आहे. हस्तिभोज हा वराहदेवाचा बाप. आपल्या धन्याच्या वडिलांविषयी एक सचिव हे भर भिंतीवर कोरवतो! संस्कृत प्रशस्तीत असे वर्णन गौरवाचे मानत. राजा निश्चिंत आहे, कारण अमात्य समर्थ आहे. तरीही राज्य प्रत्यक्षात कोण चालवत होते, हे लपून राहत नाही.

पुढे हरिषेण येतो आणि त्याच्याबरोबर देशांची यादी: कुंतल, अवंती, कलिंग, कोसल, त्रिकूट, लाट, आंध्र. दख्खनचा पाऊण भाग या एका ओळीत सामावतो. पण क्रियापदाच्या जागी दगड फुटला आहे. हे देश त्याने जिंकले, त्यांना मांडलिक केले की नुसता दरारा बसवला, हे फुटलेल्या अक्षरांनी गिळले. इतिहासकार त्यावर आजही भांडतात. मला वाटते, यादीतला प्रत्येक देश हरिषेणाच्या राज्यात होता असे धरणे धाडसाचे ठरेल. पण त्याचा शब्द तिथवर पोहोचत होता, एवढे म्हणायला हरकत नाही.

मग वराहदेव स्वतःविषयी बोलतो, तेही मोजके. उदार, क्षमाशील, धर्माने देश चालवणारा, प्रजेला आणि राजाला सारखाच प्रिय असलेला सचिव. आयुष्य, तारुण्य, संपत्ती विजेसारखी चंचल आहे हे ओळखून त्याने आईवडिलांच्या पुण्यासाठी हे लेणे भिक्षुसंघाला दिले. खिडक्या, दारे, चित्रांच्या वीथी, कोरीव खांब, आत बुद्धाचे मंदिर, पाण्याचे मोठे टाके आणि नागराजाचे स्थान असे सगळे लेखात नोंदवले आहे. नदीकडून पायऱ्या चढून वर निघालात की दाराशी दोन दगडी हत्ती भेटतात, आणि वळणावर नागराज बसलेला दिसतो. लेखातली वस्तू पंधराशे वर्षांनी जागच्या जागी सापडावी, असे भाग्य फार थोड्या शिलालेखांना लाभते. आत पाय खाली सोडून बसलेली बुद्धाची भव्य मूर्ती आहे. डाव्या भिंतीवर भिक्षू झालेल्या नंदाची पत्नी सुंदरी कोसळताना रंगवली आहे. लोक तिला मरणोन्मुख राजकन्या म्हणतात.

त्याच्या कुळाची हकीकत मात्र दुसरीकडे आहे. सिल्लोड तालुक्यात जंजाळ्याजवळ घटोत्कच नावाचे लेणे आहे. तेही त्याचेच दान, आणि तिथल्या लेखात त्याच्या घराण्याच्या पिढ्या दिल्या आहेत: यज्ञपती, देव, सोम, रवी, प्रवर, राम, कीर्ती, हस्तिभोज. मूळचे हे वल्लूरचे ब्राह्मण. सोमाने ब्राह्मण आणि क्षत्रिय अशा दोन्ही कुळांतल्या स्त्रियांशी विवाह केले. ब्राह्मण पत्नींची मुले वेदाध्ययनाला लागली, क्षत्रिय पत्नीचा मुलगा रवी राज्यकारभारात शिरला, आणि वराहदेव त्याच्या वंशातला. अशा घरातला माणूस बौद्ध संघाला दोन लेणी देतो आणि त्याचे समर्थन करायची त्याला गरज वाटत नाही. त्या काळाच्या धर्मजीवनाविषयी मोठमोठे ग्रंथ सांगतात त्यापेक्षा ही गोष्ट मला अधिक सांगते.

आता खानदेश. सोळाव्याला लागून सतरावे लेणे आहे. ते करवले हरिषेणाच्या एका मांडलिकाने. त्याचे नाव लेखातून पुसले गेले आहे, पण धाकट्या भावाचे, रविसांबाचे, उरले आहे. हा भाऊ अकाली गेला आणि त्या दुःखाने थोरल्याचे मन दानधर्माकडे वळले. क्षुद्र मनाच्या माणसाला कल्पनाही करता येणार नाही इतका खर्च आपण केला, असे त्याचा लेख अभिमानाने सांगतो. आतली चित्रे पाहिली की ते पटते. हा राजा ऋषिक देशाचा, म्हणजे आजच्या खानदेशाचा, असे मत मिराशींनी मांडले. ऋषिकांचे नाव नाशिकच्या लेण्यातल्या गौतमी बलश्रीच्या लेखातही, अश्मक आणि मूलक यांच्या जोडीला, आले आहे. म्हणजे मिराशींचा तर्क बरोबर असेल तर अजिंठ्याची सर्वांत सुंदर चित्रे खानदेशच्या महसुलातून उभी राहिली. सम्राटाचा सचिव आणि खानदेशचा राजा हे एकाच कड्यावर शेजार करून होते.

हे नाते केवळ तर्कावर उभे नाही. शिरपूर तालुक्यात तापीकाठी थाळनेर आहे. पुढच्या काळात फारुकी सुलतानांची राजधानी म्हणून आपण त्याला ओळखतो, त्यांच्या कबरी तिथे आहेत. याच थाळनेरला हरिषेणाचा ताम्रपट मिळाला, त्याच्या राज्याच्या तिसऱ्या वर्षाचा. डॉ. वि. भि. कोलते यांनी तो वाचून प्रसिद्ध केला. वत्सगुल्मच्या सम्राटाचा ताम्रपट धुळे जिल्ह्यात मिळतो, तेव्हा वराहदेवाच्या कारभाराशी आपल्या मुलखाचा संबंध होता असे मानायला चांगला आधार मिळतो.

मी म्हटले, वराहदेवाच्या नावाची गोष्ट नाही. त्याच्या काळाची मात्र आहे. सातव्या शतकाच्या अखेरीस कांचीच्या पल्लव दरबारात दंडी नावाचा गद्यकार होऊन गेला. त्याच्या ‘दशकुमारचरिता’चा आठवा उच्छ्वास विदर्भाच्या एका राज्याच्या पतनाची कथा सांगतो. पुण्यवर्मा नावाचा थोर राजा मरतो. त्याचा मुलगा अनंतवर्मा सर्व कलांत निपुण, पण दंडनीतीत त्याला रस नाही. वसुरक्षित नावाचा वृद्ध मंत्री त्याला एकांतात समजावतो: विष्णुगुप्ताने, म्हणजे चाणक्याने, मौर्यासाठी लिहिलेले शास्त्र वाच, नाहीतर राज्य जाईल. राजा मान डोलावतो आणि अंतःपुरात निघून जातो. तिथे विहारभद्र नावाचा खुशमस्कऱ्या त्या शास्त्राची टर उडवतो. दिवसाचे आठ आणि रात्रीचे आठ भाग करून राजाने कसे वागावे हे चाणक्याने सांगितले आहे. विहारभद्र त्यातला एकेक भाग घेऊन दाखवतो की या वेळापत्रकात बिचाऱ्या राजाला धड जेवता येत नाही, झोपता येत नाही. संस्कृतात इतका धारदार विनोद क्वचित सापडतो, आणि तो एका राज्याच्या मुळावर उठतो.

पुढे शेजारचा अश्मकराज वसंतभानू आपल्या मंत्र्याचा मुलगा चंद्रपालित याला विदर्भात घुसवतो. तो शिकार, जुगार, मद्य यांची गोडी लावतो. शिस्त ढासळल्यावर वनवासीच्या राजाला चिथावून स्वारी करवली जाते. अनंतवर्मा मांडलिकांना बोलावतो आणि ऐन लढाईत तेच उलटतात. त्यांच्या नावांत कुंतलाचा अवंतिदेव आहे, नासिक्याचा नागपाल आहे, आणि ऋषिकांचा एकवीरही आहे. राजा मारला जातो. वृद्ध वसुरक्षित राणीला, लहान राजपुत्राला आणि त्याच्या बहिणीला घेऊन माहिष्मतीच्या वाटेला लागतो आणि वाटेतच तापाने मरतो. विदर्भातून नर्मदाकाठच्या माहिष्मतीला जायचे तर तापी ओलांडून सातपुडा चढावा लागतो.

ही कथा म्हणजे वाकाटकांच्या अखेरचीच आठवण आहे, असे मिराशींनी प्रतिपादले. दंडीचे पूर्वज अचलपूरचे, त्यामुळे घराण्यात ती आठवण टिकली असेल, असा त्यांचा कयास. अमेरिकन अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांनी तोच धागा धरून अजिंठ्याचे अख्खे कालगणित बसवले: हरिषेण साधारण ४६० ते ४७७, आणि त्याच्या मृत्यूनंतर काही काळातच कामे ठप्प. एवढ्या थोड्या वर्षांत इतके सारे झाले, हे अनेकांना मान्य नाही. कादंबरीच्या आधारे वर्षे मोजायला मीही तयार नाही. परंतु काही गोष्टी डोळ्यांआड करता येत नाहीत. हरिषेणानंतर वत्सगुल्म शाखा अंधारात जाते. चोविसावे लेणे, जे सर्वांत मोठ्या विहारांपैकी एक झाले असते, अर्धवट राहिले. आणि सव्विसाव्या लेण्याचा लेख वाकाटकांचे नावही घेत नाही. तिथे बुद्धभद्र नावाचा भिक्षू आदराने उल्लेख करतो तो अश्मकराजाचा मंत्री भव्विराज याचा. एकाच कड्यावर दोन राज्यांच्या दोन मंत्र्यांची नावे, आणि दंडीच्या कथेत विदर्भ बुडवणारा अश्मकच.

वसुरक्षित म्हणजे वराहदेव का? मोह होतो, पण तसे म्हणता येणार नाही. भोगात रमलेला राजा आणि कारभार ओढणारा अमात्य ही जोडी तर देवसेन आणि हस्तिभोज यांनाही लागू पडते. माझे मत असे की, दंडीने एका माणसाचे चरित्र लिहिले नाही; त्या दरबारातल्या जाणत्या मंत्र्यांची, ऐकल्या गेलेल्या आणि न ऐकल्या गेलेल्या सल्ल्याची आठवण त्याने वसुरक्षितात ओतली. शिलालेखात सचिव जसा ओळखला जाऊ इच्छितो तसा दिसतो, कथेत त्याचे कोणी ऐकले नाही तर काय होते ते दिसते. दोन्ही शेजारी ठेवून वाचल्याशिवाय वराहदेव पुरता कळत नाही.

दरवर्षी हिवाळ्यात जळगाव-धुळ्याच्या शाळांच्या सहली अजिंठ्याला जातात. मुले पहिल्या लेण्यातला पद्मपाणी बघतात, सव्विसाव्यातले महापरिनिर्वाण बघतात, डबे उघडतात आणि परततात. शिक्षकांना माझी विनंती आहे की, सोळाव्या लेण्यात शिरण्यापूर्वी डाव्या हाताच्या बाहेरच्या भिंतीपाशी वर्गाला पाच मिनिटे थांबवा. लेखाचा मराठी सारांश आदल्या दिवशी फळ्यावर लिहून द्या, चौकोनी माथ्याची अक्षरे मुलांना शोधू द्या, आणि हरिषेणाच्या सचिवाचे नाव तिथे मोठ्याने घ्या.