एका खोलीची अनेक दारं

विलोफिल्डमधल्या क्लकिन बेलमध्ये शिरा, कोंबडीचं एक जेवण घ्या आणि बाहेर पडा. मग गाडी काढून राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, माउंट चिलियाडच्या पायथ्याशी असलेल्या एंजल पाइन या चिमुकल्या गावी जा. तिथेही क्लकिन बेल आहे. आत गेलात की तोच काउंटर, तीच टेबलं, तेच भाव. साखळीतली दुकानं एकसारखी असायचीच, असं म्हणून आपण ते सोडून देतो. पण ही दोन एकसारखी दुकानं नाहीतच. ती एकच खोली आहे, आणि ती ना विलोफिल्डमध्ये आहे ना एंजल पाइनमध्ये. ती आकाशात आहे.

‘ग्रँड थेफ्ट ऑटो: सॅन अँड्रियास’ हा खेळ एडिनबरामधल्या रॉकस्टार नॉर्थने बनवला. ऑक्टोबर २००४मध्ये तो प्लेस्टेशन २वर आला, पुढच्या वर्षी कॉम्प्युटरवर. खेळातला काळ १९९२चा. कार्ल जॉन्सन, म्हणजे सीजे, आईच्या अंत्यविधीसाठी लॉस सँटोसला परततो, तिथून गोष्ट सुरू होते. लॉस सँटोस म्हणजे नाव बदललेलं लॉस एंजेलिस. या खेळातल्या मारामाऱ्या आणि पाठलाग यांच्याबद्दल पुष्कळ बोललं गेलंय. माझ्या मनात मात्र ते शहर उभं राहिलं ते तिथल्या दुकानांमुळे, म्हणून ती कशी चालतात ते नीट सांगावंसं वाटतं.

आधी दार. रस्त्यावरून चालताना काही दारांपुढे पिवळं चिन्ह तरंगताना दिसतं. त्यात पाऊल टाकलं की पडदा क्षणभर काळा होतो आणि आपण दुकानात असतो. तो काळा क्षण म्हणजे उंबरठा. तेवढ्या वेळात खेळाने सीजेला रस्त्यावरून उचललेलं असतं आणि शहराच्या खूप वर, ढगांच्याही पलीकडे टांगलेल्या एका खोलीत नेऊन ठेवलेलं असतं. क्लकिन बेल, बर्गर शॉट, पिझ्झाचं दुकान, व्यायामशाळा, कपड्यांची दुकानं या सगळ्यांच्या खोल्या अशाच वर अधांतरी आहेत. प्रत्येक खोलीला एक क्रमांक दिलेला आहे. बाहेरच्या जगाचा क्रमांक शून्य. सीजेच्या नावापुढे ज्या वेळी जो क्रमांक असेल, तेवढ्याच जगातल्या वस्तू पडद्यावर उमटतात. त्यामुळे रस्त्यावरून कितीही मान वर केली तरी त्या खोल्या दिसत नाहीत, आणि खोलीत उभं राहिल्यावर खालचं शहर दिसत नाही.

असं का करावं लागलं? जागा नव्हती म्हणून. प्लेस्टेशन २ची मुख्य स्मृती अवघी ३२ मेगाबाइट. आज मोबाइलवर काढलेले पाच-सात चांगले फोटो तेवढी जागा घेतात. एवढ्याशा जागेत तीन शहरं, मधली खेडी, वाळवंट आणि डोंगर बसवायचे होते. म्हणून सीजे जिथे असेल त्याच्या आजूबाजूचा भाग तेवढा डीव्हीडीवरून उचलायचा, मागे पडलेला टाकून द्यायचा, असं सतत चालू असतं. त्यात रस्त्यालगतच्या प्रत्येक दुकानाचं आतलं सामानही मांडून ठेवायचं म्हटलं तर यंत्राचा श्वासच कोंडला असता. आतली खोली वेगळी काढली की दोन गोष्टी साधतात. आत असताना रस्ता सांभाळावा लागत नाही, रस्त्यावर असताना खोली सांभाळावी लागत नाही.

मग पुढची काटकसर. एका साखळीसाठी एकच खोली बनवायची आणि सगळ्या शाखांची दारं तिलाच जोडायची. खेळाच्या फायलींमध्ये दारांची एक यादी असते: हे दार नकाशावर अमुक ठिकाणी आहे, ते तमुक खोलीत उघडतं. आपण कुठल्या दाराने आलो हे खेळ लक्षात ठेवतो आणि बाहेर पडताना त्याच दारात आणून सोडतो. ही आठवण एवढीच, पण तिच्यावर सगळा भास उभा आहे. ती चुकली असती तर विलोफिल्डमध्ये जेवायला गेलेला माणूस डोंगराखाली बाहेर पडला असता.

आमच्या तालुक्याच्या गावी सायबर कॅफेत हा खेळ लागायचा. एका खुर्चीवर दोघं, मागे तीन-चार जण उभे. एकदा मागून एक जण म्हणाला, “अरे, हे तर तेच दुकान आहे!” आम्ही त्याला वेड्यात काढलं. पुढे कधीतरी कळलं की जगभरच्या खेळाडूंनी जेटपॅक लावून काही खोल्यांच्या छतातली फट शोधली होती. तिथून बाहेर पडलं की रिकाम्या अवकाशात लटकलेल्या दुसऱ्या खोल्या दिसायच्या, बाहेरून नुसत्या पेट्यांसारख्या. त्या मित्राला तेव्हा वेड्यात काढल्याचं मला आजही वाईट वाटतं.

या युक्तीतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. खेळातल्या तिन्ही मोठ्या खाद्यसाखळ्या, म्हणजे क्लकिन बेल, बर्गर शॉट आणि वेल स्टॅक्ड पिझ्झा, या अमेरिकेतल्या फास्टफूड साखळ्यांच्या नकला आहेत. आणि खऱ्या साखळ्यांचं वचनच हे असतं की कुठल्याही गावी जा, आतून दुकान तेच. यंत्राला जी काटकसर हवी होती ती या धंद्याच्या स्वभावातच होती. पुण्यातल्या चार अमृततुल्यांसाठी एकच खोली वापरली असती तर आपण पहिल्याच दिवशी पकडलं असतं. सगळीकडे मात्र हीच कंजुषी नाही. बंदुका विकणाऱ्या ॲम्यू-नेशनसाठी एकाहून अधिक खोल्या बनवलेल्या आहेत.

आता काउंटरवर या. क्लकिन बेलमध्ये चार जेवणं मिळतात: छोटं २ डॉलरला, मधलं ५ला, सर्वांत मोठं १०ला, आणि सॅलड, तेही १०ला. काहीही खाल्लं तरी सीजेची तब्येत सुधारते, म्हणजे गोळ्या लागून कमी झालेली जीवनरेषा भरून येते. पण सॅलड सोडून बाकी प्रत्येक जेवण अंगावर चरबीही चढवतं, आणि जेवण जितकं मोठं तितकी जास्त. चरबी वाढत गेली की पोट सुटलेलं दिसतं, कपडे ताणले जातात, धावणं मंदावतं. थोड्या वेळात ओळीने फार खाल्लं तर सीजे तिथेच ओकतो. उलट बरेच दिवस काही खाल्लंच नाही तर आधी चरबी झडते, मग कमावलेले स्नायूही. खेळातला एक मिनिट म्हणजे आपला एक सेकंद, पूर्ण दिवस २४ मिनिटांचा. त्यामुळे ही भूक कथेच्या गडबडीत विसरायला होते आणि अचानक आठवण करून देते. चरबी उतरवायची तर धावायचं, सायकल चालवायची किंवा सीजेच्या वस्तीतल्या, म्हणजे गँटनच्या, व्यायामशाळेत घाम गाळायचा, आणि तिथेही एका दिवसात ठरावीक व्यायामाच्या पुढे जाता येत नाही.

हे सगळे भाव आणि परिणाम खेळासोबत येणाऱ्या ‘शॉपिंग डॅट’ नावाच्या साध्या मजकूर फायलीत लिहिलेले आहेत. नोटपॅडमध्ये उघडून कोणीही वाचू शकतो, बदलूही शकतो. वस्तूचं नाव, किंमत, चरबीवर परिणाम, मानमरातबावर परिणाम. वाण्याच्या वहीसारखीच ती. खेळातलं दुकान म्हणजे अखेर हेच तीन धागे: दार, खोली आणि ही वही. चौथा धागा सीजेचं शरीर, आणि तो नसता तर बाकीचे तीन नुसती सजावट ठरले असते.

त्या वहीतल्या एका ओळीपाशी मी नेहमी थांबतो. सर्वांत स्वस्त जेवण २ डॉलरचं, आणि चरबी न चढवणारं १०चं. सीजेच्या गल्लीतला, ग्रोव्ह स्ट्रीटवरचा पोरगा खिशात चिल्लर घेऊन येतो तेव्हा त्याने काय घ्यावं? या वस्तीचा आधार असलेल्या दक्षिण लॉस एंजेलिसमध्ये हा प्रश्न खराखुरा होता. २००८ साली लॉस एंजेलिसच्या नगर परिषदेने शहराच्या त्या भागात नवी स्वतंत्र फास्टफूड दुकानं उघडायला वर्षभरासाठी बंदी घातली, कारण तिथे अशा दुकानांची दाटी होती आणि लठ्ठपणाही फार होता. खेळ त्याच्या चार वर्षं आधीचा. खेळ बनवणाऱ्यांनी भाव ठरवताना हा विचार केला होता की नुसता तोल साधला होता, कोण जाणे. पण आकडे मांडलेत ते बरोबर जागी.

कपड्यांच्या दुकानांत पैशांचा हा नकाशा आणखी स्पष्ट होतो. सीजेच्या घराजवळ, गँटनमध्ये, बिन्को आहे. स्वस्त कपडे, सीजेच्या टोळीचे हिरवे रंग. कथाच सुरुवातीला एकदा तिथे जायला लावते. पैसे आले की सबअर्बन, प्रोलॅप्स, झिप. आणि शहराच्या पश्चिमेला, रोडिओ भागात, डिडिए साक्स. रोडिओ म्हणजे बेव्हर्ली हिल्सच्या रोडिओ ड्राइव्हचं प्रतिबिंब. सबंध राज्यात डिडिए साक्सची ही एकच शाखा, आणि तिथले भाव बघून बिन्कोचं गिऱ्हाईक दारातूनच परतेल. कपड्यांनी मानमरातब बदलतो, म्हणून पूर्वेकडून पश्चिमेकडचा तो प्रवास नुसता गाडीचा राहत नाही. कुठल्या वस्तीत कुठलं दुकान ठेवायचं, एवढ्या एका निर्णयातून शहराची आर्थिक रचना उभी राहते. त्यासाठी कुणाला भाषण द्यावं लागत नाही.

बाकी दुकानांचं थोडक्यात. न्हावी केस कापतो, पे अँड स्प्रेमध्ये १०० डॉलरला गाडीचा रंग बदलतो आणि पोलीस माग सोडतात, रस्त्याकडेच्या यंत्रातून स्प्रंक नावाचं थंड पेय मिळतं.

२०१३मध्ये ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’ आला आणि लॉस सँटोस पुन्हा नव्याने, कितीतरी मोठं आणि बारकाईने बांधलं गेलं. यंत्रांची ताकद वाढली होती. आकाशातल्या बऱ्याच खोल्या जमिनीवर उतरल्या. किराणामालाच्या चोवीस तास उघड्या दुकानात किंवा बिन्कोमध्ये आता रस्त्यावरून थेट चालत जाता येतं. पडदा काळा होत नाही आणि काचेतून बाहेर उभी केलेली आपली गाडी दिसते. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते झालं. पण या खेळातल्या माणसांना भूक लागत नाही आणि ती लठ्ठही होत नाहीत. बर्गर शॉटच्या पाट्या आहेत, क्लकिन बेलच्याही. मी त्यांच्यापुढे गाडी थांबवली, उतरलो, दारापर्यंत गेलो. तिथे पिवळं चिन्ह नव्हतं. दार ढकललं, ते हललं नाही.